जपानला शिकायला जाताय? आधी भाषेचा हिशेब मांडा

अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडाचे व्हिसानियम कडक होत असताना अनेक घरांत आता जपानचे नाव निघू लागले आहे. जपानलाही विद्यार्थी हवे आहेत. 2033 पर्यंत 4 लाख परदेशी विद्यार्थी, हे तिथल्या सरकारचे उद्दिष्ट आहे. संधी खरी आहे. पण कर्ज काढण्याआधी काही गोष्टी स्पष्ट व्हायला हव्यात.

फी किती?
राष्ट्रीय विद्यापीठांची प्रमाणित वार्षिक फी 5,35,800 येन आहे, म्हणजे सध्याच्या दराने सुमारे तीन लाख रुपये. पहिल्या वर्षी 2,82,000 येन प्रवेश शुल्क वेगळे. टोकियो विद्यापीठाने 2025 पासून फी वाढवून 6,42,960 येन केली. खासगी विद्यापीठे बहुधा याहून महाग. तरीही अमेरिकेच्या तुलनेत हा आकडा परवडणारा वाटतो.

पार्ट-टाइम नोकरीवर भागते का?
इथेच अनेकांचे गणित चुकते. परवानगी घेतल्यावर आठवड्याला 28 तासच काम करता येते. मोठ्या सुट्टीत दिवसाला 8 तास. तासाला 1,100 येन धरले, तरी महिन्याला सव्वा लाख येनच्या आसपास मिळतात. त्यात खोलीभाडे आणि जेवण कसेबसे निघेल, फी नाही. जास्त तास काम केले, तर व्हिसाची मुदत वाढताना अडचण येते. ‘तिथे कमावून कर्ज फेडशील’ असे सांगणाऱ्या एजंटला हा हिशेब कागदावर मांडायला लावा.

इंग्रजीत पदवी मिळते, मग जपानी कशाला?
इंग्रजी माध्यमाचे अभ्यासक्रम आहेत, हे खरे. पण वर्गाबाहेर पडल्यावर घराचा करार, दवाखाना, बँक, सगळे जपानीत. नोकरीचा शोध पदवीच्या तिसऱ्या वर्षापासूनच सुरू होतो आणि बऱ्याच कंपन्या एन-2 पातळीची जपानी मागतात. भाषा येत नसेल, तर हातात पदवी असूनही दारे मोजकीच उघडतात. जपान सरकारच्या मेक्स्ट शिष्यवृत्तीत पदवीच्या विद्यार्थ्यांना आधी साधारण वर्षभर भाषाच शिकवतात, ते उगाच नाही.

मग काय करावे?
आमच्या मते, बारावीनंतर घाईने विमान पकडण्यापेक्षा अकरावीपासूनच भाषा सुरू करणे शहाणपणाचे. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी जपानी शिकता येते आणि जेएलपीटी परीक्षेचे केंद्रही पुण्यात आहे. एन-5, एन-4 या पहिल्या पायऱ्या घरी राहून चढता येतात, त्याही तिथल्या खर्चाच्या तुलनेत किरकोळ पैशांत. कांजी आणि व्याकरण झेपते का, आवडते का, हेही तेव्हाच कळते.

दूतावासामार्फत मिळणाऱ्या मेक्स्ट शिष्यवृत्तीसाठी अर्ज जरूर करा. त्यात फी, दरमहा भत्ता आणि विमानप्रवास येतो. स्पर्धा तीव्र असते, पण अर्जाला फी नाही.

2025 मध्ये भारत आणि जपानने पाच वर्षांत 5 लाख लोकांच्या देवाणघेवाणीचे लक्ष्य ठरवले. त्यात 50 हजार कुशल भारतीयांनी जपानला जावे, असे अपेक्षित आहे. या आकड्यात आपल्या मुलामुलींची जागा हवी असेल, तर पहिला हप्ता बँकेचा नको, भाषेच्या वर्गाचा भरा.