काळा दोरा आणि रानकोंबड्याचे पीस

कला महाविद्यालयाच्या वार्षिकांकात मासे धरण्याच्या गळाचे काय काम, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. पण कलाकृतीत काय ठेवावे आणि काय गाळावे, या आपल्या नेहमीच्या वादाला याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

इंग्लंडमध्ये ट्राउट मासा धरण्यासाठी गळावर दोरा आणि पिसे बांधून खोटी माशी तयार करतात. एकोणिसाव्या शतकात सॅमन माशासाठी बांधलेल्या माश्यांवर तर दूरदेशीच्या पक्ष्यांच्या रंगीत पिसांची आरास असे. आपल्या सह्याद्रीत आणि दक्षिणेत आढळणाऱ्या राखी रानकोंबड्याच्या मानेचे, मेणाचे थेंब सांडल्यासारखे ठिपके असलेले पीसही त्यांत वापरीत. अशी माशी निसर्गात कोठेही उडत नाही! ती माशापेक्षा बांधणाऱ्याच्या हौसेसाठीच असावी, असे मला वाटते. आणि त्या हौसेची किंमत हजारो मैलांवरचा पक्षी देत होता.

आता दुसरी बाजू पाहा. सॉमरसेट परगण्यातील ब्लॅगडनच्या तलावात १९०४ पासून ट्राउटची मासेमारी चालते. पहिल्या महायुद्धानंतर तेथे स्थायिक झालेल्या डॉ. बेल यांनी धरलेल्या माशांची पोटे तपासली आणि मासा खरोखर काय खातो, ते आधी जाणून घेतले. त्यात मोठा वाटा चिलटांचा होता. हे चिलट चावत नाही. त्याची अळी तळच्या गाळात राहते. आपल्या रक्तातल्यासारखेच हिमोग्लोबिन असल्याने ती पुष्कळदा लाल दिसते. पुढे तिचा कोश होतो. तो सावकाश वर येतो, पृष्ठभागाखाली क्षणभर लटकतो आणि कात टाकून चिलट उडून जाते. त्या लटकण्याच्या वेळीच ट्राउट त्याला गाठतो.

या कोशाची नक्कल अगदी साधी आहे. गळ चिमट्यात पक्का धरायचा. नेढ्यापासून काळा दोरा गुंडाळत गळाच्या बाकापर्यंत न्यायचा. त्यावर बारीक चंदेरी किंवा सोनेरी तारेचे विरळ वेढे द्यायचे, म्हणजे पोटाची वळी दिसतात. नेढ्याजवळ थोडा फुगवटा करायचा आणि कोशाच्या श्वसनतंतूंसाठी पांढऱ्या धाग्याचा छोटा झुपका बांधायचा. गाठ मारली की झाले! पंख नाहीत, डोळे नाहीत. मग ती पाण्यात योग्य खोलीवर, जवळजवळ स्थिर राहील अशी सोडायची. घाईने ओढली तर उत्तम बांधलेली माशीही फुकट जाते.

कोणी म्हणेल, हा साधेपणा म्हणजे आळस किंवा दारिद्र्य. मला ते पटत नाही. काळा दोरा कोणीही गुंडाळील. पांढरा झुपका नेमका कोठे हवा, हे मात्र ज्याने कोश पाहिला त्यालाच कळेल. जुन्या माश्या सुंदर होत्या, त्यांतले हस्तकौशल्यही थोर होते, हे मी नाकारीत नाही. परंतु त्या सौंदर्याला पाण्याचे ज्ञान म्हणता येणार नाही.

आपली वक्तृत्व स्पर्धेतील भाषणे, परीक्षेतील निबंध आणि स्नेहसंमेलनातील नेपथ्य आठवून पाहा. कितीतरी उसनी पिसे आपण बांधतो! चिलटे आपल्याकडच्या तळ्यांवरही संध्याकाळी घोंगावतात. मित्रहो, त्यांच्यावर अलंकारिक चार ओळी लिहिण्यापूर्वी आपल्यापैकी किती जण पाण्याकाठी वाकून पाहतील?