औषधाचा वार

उपासाचा वार आपल्या घरांतून सहसा कोणी विसरत नाहीं. औषधालाही वार असतो, आणि तो चुकल्यास औषधच रोग्यावर वार करतें, हें मात्र थोड्यांसच ठाऊक असतें.

सोरायसिस हा त्वचेचा विकार मुळींच सांसर्गिक नाहीं. चरकसंहितेंतील १८ कुष्ठांपैकीं एककुष्ठ व किटिभ यांच्याशीं वैद्य त्याचें साम्य दाखवितात. परंतु 'कुष्ठ' या शब्दाच्या धाकानें लोक चट्टे लपवितात, औषधाविषयीं घरांत बोलत नाहींत, आणि तेथेंच घात होतो.

रोग बळावल्यास पुष्कळदां मेथोट्रेक्सेट देतात. आंध्रांतील भीमावरम् येथें जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालीं अमेरिकेंत १९४० नंतरच्या दशकांत तें सिद्ध झालें, तें कर्करोगासाठीं. वेगानें वाढणाऱ्या पेशींस तें रोखतें. सोरायसिसमध्यें तें आठवड्यांतून एकदांच घ्यावयाचें असतें. इतर दिवसांकरितां बहुधा फॉलिक ॲसिडची गोळी असते. दोन्ही गोळ्या लहान, पुष्कळदां पिवळ्याच! अदलाबदल होऊन मेथोट्रेक्सेट रोज पोटांत गेलें, तर तोंडांतील त्वचा व अस्थींतील मज्जा यांवरही घाला पडतो. तोंडांत व्रण होतात, जुने चट्टे दुखूं लागून फुटतात. क्वचित् भाजल्याप्रमाणें कातडी सुटते, आणि रक्तांतील पेशी घटून प्राणावर बेततें. मूत्रपिंडें दुर्बल असल्यास, किंवा कांहीं वेदनाशामकें अथवा कोट्रायमॉक्सझोल सोबत घेतल्यास, नेमस्त मात्राही बाधूं शकते.

आम्ही राहतों त्या पनवेलजवळील कळंबोलींत पुष्कळ घरचीं मुलें-सुना सकाळींच कामावर जातात, आणि वृद्ध मंडळी आपापल्या गोळ्या आपणच घेतात. अशा घरीं डॉक्टरांकडून एक वार ठरवून घ्यावा, तो पाकिटावर ठळक मराठींत लिहावा, आणि त्या गोळ्या इतरांपासून निराळ्या ठेवाव्या. नवें औषध घेण्यापूर्वीं डॉक्टरांस मेथोट्रेक्सेटचें नांव सांगावें. वरील लक्षणें दिसतांच पुढची गोळी न देतां त्याच दिवशीं इस्पितळ गांठावें. फोलिनिक ॲसिड हा त्यावर उतारा आहे, पण तो वेळेवर मिळाला तरच गुण येतो.

औषध वाईट नव्हे. त्यानें कित्येकांस पुन्हां चारचौघांत वावरतां आलें आहे. वाचकांनीं आपल्या वडील माणसांची गोळ्यांची पेटी आज सायंकाळीं एकदां त्यांच्याजवळ बसून पाहावी, एवढीच विनंती.