शनिवारच्या नाश्त्याला बिनअंड्याचा टोस्ट स्वतंत्र तव्यावर मिळणेबाबत निवेदन

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
शाळा व्यवस्थापन समिती

विषय : अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या विद्यार्थ्यांच्या नाश्त्याबाबत (चौथे पत्र)
संदर्भ : आमची यापूर्वीची तीन पत्रे, ज्यांचे लेखी उत्तर आजवर मिळालेले नाही

महोदय,

वरील विषयास अनुसरून आपणास पुन्हा एकदा कळवण्यात येते की, अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांच्या नाश्त्याचा प्रश्न शाळा उघडल्यापासून तसाच पडून आहे. जूनमध्ये पहिला अर्ज दिला तेव्हा "पुढच्या शनिवारपासून वेगळा तवा ठेवू" असे तोंडी सांगण्यात आले. पोळ्याच्या सुमारास आठवण दिली, तेव्हा तवा सांगून ठेवला आहे असे कळले. गणपतीनंतर आम्ही पालकांनीच वर्गणी काढली, भुसावळहून तवा आणि उलथणे आणले, दोन्हींच्या मुठींना निळा रंग लावला आणि स्वयंपाकघरात वेगळ्या खिळ्याला टांगून दिले. या तव्याला अंडे लागणार नाही, असा शब्द त्या दिवशी सर्वांसमक्ष देण्यात आला होता.

दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या दुसऱ्या शनिवारी काय झाले, ते आपणास ठाऊक आहे. तरीही ते लिहून ठेवणे मला भाग आहे, कारण त्यावर आजवर सभेत चर्चासुद्धा झालेली नाही. सकाळची शाळा होती, मुलांची रांग लांब होती आणि मोठ्या तव्यावर जागा पुरत नव्हती. म्हणून निळ्या मुठीच्या तव्यावर अंड्यात बुडवलेले चार स्लाइस टाकले गेले. नंतर तो तवा फडक्याने पुसून त्यावरच माझ्या मुलाचा बेसनातला पाव भाजण्यात आला. पुसला म्हणजे स्वच्छ झाला, असे स्वयंपाकाच्या मावशींना वाटले. त्यांना मी दोष देत नाही; त्यांना कोणी कधी समोर बसवून सांगितलेलेच नाही.

दुसऱ्या घासाला तो ओठ चोळू लागला. मग मानेवर गांधी उठल्या, खालचा ओठ सुजून लोंबला, आवाज घोगरा झाला. मला फोन आला तो "मुलगा रडतोय, घेऊन जा" एवढाच. रिक्षात तो माझ्या मांडीवर होता आणि त्याची छाती वाजत होती. दवाखान्यात मांडीत इंजेक्शन दिल्यावर श्वास हळूहळू मोकळा झाला. तेव्हा तो पहिले वाक्य बोलला ते असे : "आई, मी अंडं नव्हतं खाल्लं." तिसरीतल्या मुलाला वाटत होते की चूक त्याचीच आहे.

त्यानंतर आम्हांला तीन उत्तरे ऐकवण्यात आली. पहिले, "एवढेसे लागले तर काय होते?" ज्याला अ‍ॅलर्जी आहे त्याचे शरीर अंड्यातल्या प्रथिनाला शत्रू समजते आणि काहींच्या बाबतीत तव्यावरचा चिकटलेला थरही पुरतो. फडक्याने तो निघत नाही, उलट पसरतो. साबण लावून वाहत्या पाण्याखाली घासावेच लागते. दुसरे, "शिजले की काही होत नाही." अंड्याच्या पांढऱ्यात ओव्होम्युकॉइड नावाचे प्रथिन असते, ते उष्णतेला सहजी दाद देत नाही. भट्टीत बराच वेळ भाजलेल्या केकमधले अंडे काही मुलांना चालते, हे खरे आहे. पण ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचे. तव्यावरचा टोस्ट बाहेरून लाल होतो आणि आत ओलाच राहतो. या दोन्ही गोष्टी दुसऱ्या पत्रात लिहिल्या होत्या. ते पत्र वाचले गेले असते, तर ही रिक्षा करावी लागली नसती.

तिसरे म्हणणे असे की, शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये पोषण आहारात अंडे सुरू केले तेव्हा न खाणाऱ्यांना केळी दिली, तसे आपणही केळे देऊ. ती सोय अंडे न खाणाऱ्यांसाठी होती आणि ती योग्यच होती. न खाणे वेगळे आणि न चालणे वेगळे. शिवाय सगळा वर्ग गरम टोस्ट खात असताना कोपऱ्यात केळे सोलत बसणारे मूल आम्ही पाहिले आहे. केळे द्यायचेच असेल तर ते पिठात घाला, म्हणजे सगळ्यांच्या ताटात एकच पदार्थ येईल.

रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यालगत राहून हे आम्ही सांगावे, याचेच नवल वाटते. टोस्टमध्ये अंडे दोन कामे करते : पावाला धरून ठेवते आणि त्यावर खरपूस आवरण आणते. पूर्ण पिकलेले, सालीवर काळे ठिपके आलेले केळे ही दोन्ही कामे करते. एक केळे गुठळी न राहता कुस्करायचे, त्यात एक कप दूध, दोन चमचे बेसन, चिमूटभर मीठ आणि वेलची घालायची. ब्रेड आदल्या दिवशीचाच घ्यावा, ताजा घेतला की लगदा होतो. स्लाइस बुडवून लगेच उचलायचा आणि मंद आचेवर भाजायचा. केळ्यात साखर असल्याने मोठ्या आचेवर तो नीट भाजण्याआधीच करपतो. उलटण्याची घाई केली तर आवरण तव्यालाच राहते, कडा सुटेपर्यंत थांबावे. तिखट हवे असेल तर केळ्याऐवजी बेसन वाढवून ओवा, कोथिंबीर आणि लसूण-मिरचीचा ठेचा घालावा. दूध न चालणाऱ्या मुलासाठी नारळाचे दूध चालते. बेसनाचा त्रास असणारे मूल असेल तर त्याच्या पालकांना आधी विचारावे.

तरी आमच्या मागण्या अशा :

शनिवारचा टोस्ट सर्वच मुलांसाठी बिनअंड्याचा करावा. म्हणजे वेगळ्या तव्याचा, वेगळ्या रांगेचा आणि मावशींच्या लक्षात राहण्याचा प्रश्नच उरत नाही. अंडे द्यायचे असेल तर ते उकडून, कवचासकट, वेगळ्या टेबलावर द्यावे. हे अमान्य असेल तर निळ्या मुठीचा तवा कुलपात ठेवून किल्ली एका शिक्षिकेकडे द्यावी.

पाव व बिस्किटे आणताना पाकिटावरची घटकांची यादी वाचावी.

अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांची नावे आणि पालकांचे फोन स्वयंपाकघरात लावावेत. ओठ सुजले किंवा श्वास लागला तर आधी दवाखाना, मग घरी फोन.

मावशींना एकदा समोर बसवून हे सर्व सांगावे. आम्ही यायला तयार आहोत.

येत्या शनिवारी सकाळी ७ वाजता आम्ही दोघी पालक केळी, दूध आणि आदल्या दिवशीचा ब्रेड घेऊन स्वयंपाकघरात येत आहोत. समितीच्या किमान एका सदस्याने त्या वेळी हजर राहावे आणि तत्पूर्वी, शुक्रवारपर्यंत, या पत्राचे उत्तर लेखी द्यावे. तोंडी उत्तर आम्ही आता स्वीकारणार नाही.

आपले विश्वासू,
इयत्ता तिसरीतील एक पालक व सोबत सह्या केलेले पालक
वरणगाव, ता. भुसावळ, जि. जळगाव

सोबत : यापूर्वीच्या तीन पत्रांच्या प्रती, दवाखान्याच्या कागदाची प्रत