काट्याचे शून्य आणि हवेचे वजन

१/ घरी बिअर करणारा हौशी माणूस ती केगमध्ये भरतो, कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर जोडतो आणि दाबमापकाचा काटा १२ पीएसआयवर आणतो. हा आकडा मंत्रासारखा पाठ केला जातो. ही सवय सदोष आहे. इतिहास वगळला, तर तो आकडा अर्धाच कळतो.

२/ १९ सप्टेंबर १६४८. पास्कालच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा पेरिये पाऱ्याची नळी घेऊन फ्रान्समधील पुई द दोम पर्वतावर चढला. माथ्यावर पारा उतरलेला होता. उंचीबरोबर हवेचा दाब घटतो, याचा तो पुरावा होता.

३/ १७६७ च्या सुमारास लीड्समध्ये प्रीस्टली एका बिअर-कारखान्याशेजारी राहत होता. आंबणाऱ्या पिंपांवर साचणारा वायू त्याने पाण्यात विरघळवला. पुढे १८०३ मध्ये विल्यम हेन्रीने नियम मांडला : तापमान स्थिर असता विरघळणारा वायू दाबाच्या प्रमाणात वाढतो.

४/ १८४९ मध्ये बूर्दाँने वक्रनळीच्या दाबमापकाचे पेटंट घेतले. नळीच्या आत वायूचा दाब, बाहेर वातावरणाचा. काटा केवळ त्यांतील फरक दाखवतो. म्हणून काटा शून्यावर असतानाही समुद्रसपाटीला केगमध्ये सुमारे १४.७ पीएसआय दाब असतोच.

५/ हेन्रीचा नियम मात्र एकूण दाब मोजतो. काट्यावरचे १२ म्हणजे प्रत्यक्षात २६.७. अमेरिकन होमब्रुअर्स असोसिएशन १९७८ मध्ये ज्या बोल्डर शहरात स्थापन झाली, ते १६०० मीटरांहून उंचावर आहे. तिथे हवेचा दाबच सुमारे अडीच पीएसआयने कमी. काटाही तेवढाच वर न्यावा लागतो. पेरियेचा पर्वत असा केगपर्यंत येऊन पोहोचतो.

६/ तापमानाचेही तसेच. ४ अंश सेल्सियसला १२ पीएसआयवर बिअरमध्ये तिच्या आकारमानाच्या सुमारे अडीचपट वायू मुरतो. २० अंशांना तेवढ्यासाठी दुपटीहून अधिक दाब लागतो. तोच दाब कायम ठेवून केग फ्रिजमध्ये ठेवली, तर काही दिवसांनी पेल्यात फेसच फेस.

७/ ‘चव घेऊन दाब कमी-जास्त केला की झाले’, असा आक्षेप येईल. त्याने एक केग सुधारते. पुढच्या केगला चूक तीच.

८/ शके १५९६ आणि इ. स. १६७४ या आकड्यांतील ७८ वर्षांचे अंतर काळाचे नसून मोजणीच्या आरंभाचे आहे, हे शिवराज्याभिषेकाचा अभ्यासक जाणतो. दाबमापकापुढेही प्रश्न तोच : हे शून्य कुठले?