कबरस्तानातली चिंच

आमच्या चांदवडच्या कबरस्तानात एक जुनी चिंच आहे. तिच्यावर दिवसभर मोठी वटवाघळे उलटी टांगलेली असतात आणि मगरिबच्या अजानच्या सुमारास एकेक करून सुटतात. लहानपणी आम्ही ती मोजायला बसायचो, पण शंभराच्या आसपास गणती हरवायची.

गेल्या महिन्यात जुम्याच्या नमाजनंतर याच चिंचेवरून वाद झाला. केरळातल्या निपाहची बातमी मोबाइलवर फिरत होती. दोघातिघा तरुणांचे म्हणणे, झाड तोडून टाका, निदान खाली मिरच्यांचा धूर करा, फटाके लावा. एक बुजुर्ग म्हणाले, आजार अल्लाहच्या हुकमाने येतो, मुक्या जिवाच्या मागे कशाला लागता? मग दोन्ही बाजू आमच्याकडे वळल्या. "तुम्ही मासिकात लिहिता ना, मग सांगा." त्या दिवशी आम्हाला सांगता आले नाही. नंतर वाचले, ओळखीच्या डॉक्टरांना विचारले, ते इथे मांडत आहोत.

निपाह हे मलेशियातल्या एका गावाचे नाव. 1998-99 साली तिथे डुकरे पाळणाऱ्यांमध्ये मेंदूज्वराची साथ आली आणि शंभरावर माणसे गेली. डुकरांच्या गोठ्यांवर फळझाडे होती. वटवाघळे रात्री फळे खात, अर्धे उष्टे खाली पडे, ते डुकरे खात आणि डुकरांकडून रोग माणसांत येई. आपल्या देशात तो 2001 मध्ये सिलिगुडीत दिसला आणि 2018 मध्ये केरळात कोझिकोडला. तिथे तपासणीत निश्चित झालेल्या अठरा जणांपैकी वाचले ते दोघेच. आजाऱ्याची सेवा करणाऱ्या लिनी पुथुसेरी या तरुण परिचारिकेचाही त्यात अंत झाला.

महाराष्ट्राचे काय? मार्च 2020 मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या पथकाने महाबळेश्वरच्या एका गुहेतून वटवाघळे पकडून तपासली. काहींच्या रक्तात निपाहविरुद्धची प्रतिपिंडे सापडली, म्हणजे त्यांना कधीतरी त्याची लागण होऊन गेली होती. 2021 मध्ये हे प्रसिद्ध झाले तेव्हा बरीच धास्ती पसरली, पण राज्यात माणसाला निपाह झाल्याची नोंद तेव्हाही नव्हती. म्हणजे विषाणू आपल्या डोंगरांत आहे, घरात नाही. त्याला घरापर्यंत येण्याची वाट कोण करून देतो, हा खरा प्रश्न आहे.

वटवाघूळ स्वतः या विषाणूने सहसा आजारी पडत नाही. तो त्याच्या अंगात राहतो आणि लाळेतून, लघवीतून अधूनमधून बाहेर पडतो. ऑस्ट्रेलियात हेन्ड्रा नावाचा निपाहचाच भाईबंद विषाणू आहे. तिथल्या अभ्यासकांना दिसले की जंगल तुटून वटवाघळांची उपासमार झाली की ती वस्तीजवळ येतात आणि विषाणूही जास्त सांडतात. धूर आणि फटाक्यांचे उत्तर इथेच मिळते.

त्याहून ठळक उदाहरण युगांडाचे. तिथल्या किटाका खाणीत 2007 मध्ये कामगारांना मारबर्ग हा भयंकर ज्वर झाला. खाणीत हजारो फळखाऊ वटवाघळे होती. लोकांनी ती मारून, हुसकून संपवली. काही वर्षांनी नवी वटवाघळे येऊन राहिली. तपासले तर पूर्वी शंभरात पाचांच्या अंगात विषाणू असायचा, तो आता तेरांच्या अंगात निघाला, आणि 2012 मध्ये जवळच्या गावांत पुन्हा साथ आली. ज्यांनी झाड तोडायचे म्हटले होते त्यांना आम्ही ही हकीकत सांगितली, तर ते गप्प बसले. पटले की नाही, ते अल्लाह जाणे.

बुजुर्गांनाही आम्ही एक आठवण करून दिली. हजरत उमर (रजि.) शामकडे निघाले होते. वाटेत सरगला कळले की पुढे ताऊन पसरला आहे. सल्लामसलत करून त्यांनी काफिला मागे वळवला. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, हे अल्लाहच्या तकदीरपासून पळणे नव्हे काय? उत्तराचा आशय असा की एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडेच जातो आहोत. उंटांसाठी दरीचा हिरवा उतार निवडा की ओसाड, दोन्ही त्याच्याच हुकमात. त्यानंतर हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी प्रेषितांची (स.) शिकवण सांगितली: साथीच्या मुलखात जाऊ नका आणि तिथे असाल तर पळून येऊ नका. तेव्हा तवक्कुल म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे.

वटवाघळाला मारू नका, असेही हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्याकडून आले आहे. बैतुल मुकद्दस उद्ध्वस्त झाले तेव्हा या जिवाने, मला समुद्रावर काबू दे म्हणजे मी त्यांना बुडवतो, अशी विनवणी केली, असे त्यात आहे. आमच्या घरी ही गोष्ट ऐकल्यावर धाकट्याने विचारले, मग त्याला आपल्या चिंचेवर कोणी पाठवले? यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

आता घरातले. मुख्य काम उष्ट्याचे आहे. मोसमात पहाटे पोरे पेरूखाली, आंब्याखाली पडलेली फळे वेचायला धावतात. दाताचे व्रण असलेले, कुरतडलेले फळ धुऊन, काप काढूनही खायचे नाही. ते टाकायचे आणि हात साबणाने धुवायचे. बांगलादेशात जवळजवळ दर हिवाळ्यात निपाह येतो, त्याचे मोठे कारण शिंदीचा कच्चा रस आहे. वटवाघळे रात्री मडक्याशी येऊन रस चाटतात. तिथे मडक्याच्या तोंडाभोवती बांबूचा झाप बांधला, तर ती रसापर्यंत पोहोचत नाहीत, असे दिसले आहे. आपल्याकडेही शिंदीची नीरा निघते. पिणाऱ्याने मडके झाकलेले होते का, एवढे विचारावे. रात्री भांडी झाकून ठेवण्याची प्रेषितांची (स.) ताकीद तर घरोघरी ठाऊक आहे.

दुसरे काम जास्त अवघड आहे, कारण ते आपल्या चांगुलपणाशी भिडते. कोझिकोडला पहिल्या रुग्णानंतरची सगळी लागण माणसाकडून माणसाला झाली. बरीचशी इस्पितळांत, काही घरात. आपल्याकडे आजाऱ्याच्या उशाशी बसणे सवाबाचे काम. पण ताप, डोकेदुखी आणि त्यातच गुंगी किंवा बडबड असेल, तर उशाशी एकच माणूस, तोंडाला मास्क, बाकीच्यांनी दारातूनच दुआ. अशा आजाऱ्याला लगेच सरकारी रुग्णालयात न्यावे. बांगलादेशात मय्यतीच्या जवळ जाऊन निरोप घेणाऱ्यांनाही लागण झाल्याची नोंद आहे. कधी अशी वेळ आलीच, तर गुस्लचे काय करायचे, ते डॉक्टर आणि आलिम दोघांना विचारूनच ठरवावे. कोविडमध्ये शेजारच्या मालेगावाने हे दुःख पाहिले आहे.

माळ्यावरच्या छोट्या पाकोळ्या किडे खातात, त्यांना राहू द्या. मात्र जमिनीवर पडलेल्या पाकोळीला पोरांनी हात लावू नये, आणि चावलीच तर जखम साबणाने धुऊन दवाखाना गाठावा.

परवाच्या बैठकीत चिंच तोडायची नाही असे ठरले. तिच्याच खाली दफननंतर हात धुण्यासाठी पाण्याचे उघडे पिंप असते, त्याकडे आजवर कोणाचे लक्ष गेले नव्हते. ते गेटजवळ हलवायचे, झाकण बसवायचे आणि नळ लावायचा. झाकणाचे पैसे तिथल्या तिथे जमले, नळाचे पुढच्या जुम्याला मागायचे आहेत.