स्वयंपाकघरांतील शास्त्र : भाताचा वास जातो कोठें?

पनवेलहून गोव्याच्या वाटेस लागलें म्हणजे कर्नाळ्याचा सुळका जवळ येऊं लागतो, तोंच शिरढोण गांव येतें. वासुदेव बळवंत फडके यांचा १८४५ सालचा जन्म येथलाच. त्या निमित्तानेंच गतवर्षीं कापणीच्या दिवसांत आम्ही तेथें गेलों होतों. दुपारीं एका स्नेह्यांकडे पान मांडलें होतें. त्यांनीं मावळांतून बी आणून हौसेनें एक खाचर आंबेमोहराचें केलें होतें. भात वाढतांच दरवळ ओटीपर्यंत गेला. यजमान मात्र खिन्न दिसले.

"हें शेवटचेंच समजा," ते म्हणाले. "पीक उंच वाढून आडवें पडतें, उतारा कमी, आणि व्यापारी तांदूळ पाहून भाव करतो, हुंगून नव्हे."

त्यांच्या मातोश्री दारांतूनच म्हणाल्या, "अरे, पण रात्रीं गार झाल्यावर ह्याच भाताला वास म्हणून येत नाहीं. तो जातो कुठें, तें विचार पाहुण्यांना!"

प्रश्न मार्मिक होता. आंबेमोहर, बासमती यांच्या खास वासाचें द्रव्य बटरी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८२ सालीं ओळखून काढलें. त्याचें नांव २-असेटिल-१-पायरोलीन. एक अब्ज भाग पाण्यांत त्याचा दशांश भाग असला तरी नाकास कळतो. परसांत केवड्यासारखी जी आंबेमोहोर पात लावतात, तिच्यांतही हेंच द्रव्य. तें चटकन् उडणारें असल्यामुळें झांकण उघडें राहिलें कीं वाफेबरोबर निघून जातें, आणि गेलेलें परत येत नाहीं.

पण सारा वास उडून जातो असें मात्र नाहीं. तांदळांतील पिष्टाचे दोन प्रकार. त्यांपैकीं अमायलोज म्हणजे शर्करेच्या कणांची लांबच लांब, बहुतेक बिनफांद्यांची माळ. जवळ योग्य पाहुणा आला कीं ही माळ त्याच्याभोंवतीं स्प्रिंगसारखी वेटाळते. एकेका वेढ्यांत बहुधा सहा कण. आंतली पोकळी पाण्याशीं फटकून व तेलाशीं जमवून घेणारी, आणि सुवासिक द्रव्यें बहुधा तैलस्वभावाचीं. म्हणून संत्र्याच्या सालींत व भातांतही असणारें डेकॅनल, पुदिन्याच्या जातींतील मेंथोन अशीं द्रव्यें तींत अडकून बसतात. उष्णतेनें वेढे सैल होतात, थंडींत पुन्हां आवळतात. शिवाय गार पदार्थांतून वास मुळांतच कमी उडतो. मातोश्रींच्या प्रश्नाचें उत्तर असें दुहेरी आहे.

हें डोळ्यांनीं पाहावयाचें असल्यास पातळ, गार पेजेंत टिंक्चर आयोडिनचा एक थेंब टाकावा. आयोडीन त्याच पोकळींत शिरून पेज निळी होते. ती ऊन करा, रंग जाईल. लगेच निववा, बहुधा पुन्हां निळाई येईल. (ही पेज फेंकून द्यावी, मुलांच्या हातीं लागूं देऊं नये.)

तांदळाची पिठी लावलेल्या खिरींत वेलदोडा आधींच घालून मग "वास कसा नाहीं?" म्हणून वेलदोड्यास दोष देणाऱ्या घरांत आम्हीही वाढलों आहों. पातेलें उतरल्यावर पूड घालावी, झांकावें, आणि खीर गार वाढावयाची असल्यास हात किंचित् सैल सोडावा. शिळा भात मात्र वाफेवर ऊन करावा. राहिलेला थोडा वास मोकळा होतो.

यजमानांना आम्हीं इंद्रायणीची आठवण दिली. वडगांव मावळच्या केंद्रांत आंबेमोहर १५७ आणि आय. आर. ८ यांच्या संकरांतून झालेली ही जात १९८७ पासून शेतांत आहे. उतारा बरा, आणि वासही आहे. "आहे, पण हा नव्हे," मातोश्री म्हणाल्या. निघतांना त्यांनीं आमच्या हातीं तांदळाची पुरचुंडी दिली. यजमान हंसून म्हणाले, "आईनें बियाण्याची कणगी लिंपून ठेवली आहे. जूनमध्यें पाहूं."