न बोलता दिलेले धडे

मुलामुलींनो,

आज एक प्रश्न विचारतो. ‘खरं बोलावं’ हे तुम्ही कुठं शिकलात? पुस्तकात वाचलंत, हे कबूल. पण घरी नको असलेला माणूस दाराशी आला आणि बाबांनी हळूच सांगितलं, ‘बाबा घरात नाहीत म्हण,’ तर त्या दिवशी कोणता धडा लक्षात राहतो? पुस्तकातला की दारातला?

श्रद्धेचंही तसंच आहे. ख्रिस्ती घरांतली मुलं लहानपणी आनंदानं रविवारच्या शाळेत जातात, वचनं पाठ करतात. तेरा-चौदा वर्षांची झाली की त्यांचे डोळे उघडतात. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारे काका बाहेर पडताच रिक्षावाल्यावर खेकसतात, हे त्यांना दिसतं. मग मनात येतं, ‘हे सगळं खरं आहे का?’ हा प्रश्न वाईट नाही. पण त्याचं उत्तर प्रवचनानं मिळत नाही, माणसाकडे पाहून मिळतं.

अशा एका घराची गोष्ट सांगतो. कवी नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळंओवळं कडक पाळणाऱ्या घरातल्या. त्यांच्यावर आकाशच कोसळलं. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पुढं लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परतल्या, पण आपला धर्म आणि आपलं सोवळं घेऊनच. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. एके दिवशी लक्ष्मीबाईंच्याच मनात आलं, या जाती देवानं केल्या की माणसांनी? विचार करता करता त्यांनी ठरवलं, यापुढं कुणाच्याही हातचं खायचं. 1900 मध्ये त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला.

आता या घरात आलेल्या एका मुलाकडे वळू. तुम्ही ‘श्रावणमास’ कविता वाचली असेल. ती लिहिणारे त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजेच बालकवी. 1907 मध्ये जळगावच्या कविसंमेलनात त्यांनी कविता म्हटली आणि ‘बालकवी’ हे नाव मिळवलं. तेव्हा ते सोळा-सतरा वर्षांचे, म्हणजे तुमच्या ताईदादांएवढे होते! टिळकांचा या मुलावर फार जीव जडला. पुढं बालकवी नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, टिळकांच्या घरी राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखं वागवलं. त्यांचे हट्ट, रुसवेफुगवे, सारं सांभाळलं.

आणि गंमत म्हणजे बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत. म्हणून त्यांच्या ताटातली भाकरी कमी झाली नाही, की माया आटली नाही. ‘आमचं ऐकशील तर आमचा’ असं त्या घरात नव्हतं. शेजाऱ्यावर प्रीती करा, असं येशूनं सांगितलं. ते त्या स्वयंपाकघरात रोज दिसत होतं.

टिळक-लक्ष्मीबाई काही देवदूत नव्हते हं! टिळक तापट. हाती पैसा आला की गरजूला देऊन मोकळे होत, आणि उद्याच्या पिठाची काळजी लक्ष्मीबाईंना! ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी हे सगळं लपवाछपवी न करता, हसत हसत लिहिलं आहे. जरूर वाचा.

म्हणून मित्रांनो, मोठी माणसं चुकली म्हणजे त्यांची श्रद्धा खोटी, असा निकाल लगेच देऊ नका. चुकल्यावर ती काय करतात, ते पाहा. भांडणानंतर आधी कोण बोलतं? कामवाल्या मावशी आजारी पडल्या तर घरात काय बोलणं होतं? श्रद्धा तिथं कळते.

आईबाबांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. मुलगा ‘मी आज चर्चला येत नाही’ म्हणाला, तर लगेच आवाज चढवू नका. ‘का रे?’ असं विचारा, आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्या. मुलांवर उगाच रागावलात, तर ‘माझं चुकलं’ असं त्यांच्यासमोर म्हणा. पश्चात्तापावरच्या दहा प्रवचनांपेक्षा हे तीन सेकंद जास्त शिकवतील. प्रार्थनेत ज्याचं नाव घेता, त्याच्या घरी संध्याकाळी डबा घेऊन जा. जाताना मुलीलाही बरोबर घ्या.

मुलांनो, या आठवड्यात एक काम करा. घरातल्या किंवा ओळखीतल्या एका मोठ्या माणसाला विचारा, ‘तुम्ही कुणाकडे पाहून शिकलात?’ तुम्ही ख्रिस्ती असा, हिंदू असा, मुसलमान असा, प्रश्न हाच. बहुतेक वेळा उत्तरात एखादी आजी, एखादे गुरुजी, नाहीतर शेजारच्या काकू असतील.

आणि हो, तुमचा धाकटा भाऊसुद्धा तुमच्याकडे पाहतो आहे बरं का!